हेड गॅस्केट बदलल्यानंतर हेडचे बोल्ट पुन्हा आवळावेत का?

ट्रॅक्टरचे किंवा पाण्याच्या इंजिनाचे हेड गॅस्केट बदलून झाले की मिस्त्री निघताना एक वाक्य हमखास बोलतो : "थोडं चालवा, मग हेड परत आवळून घेऊ." दुसरा मिस्त्री याच्या अगदी उलट सांगतो : "एकदा आवळलंय, आता हात लावायचा नाही." दोघेही अनुभवी असतात आणि आपापल्या इंजिनापुरते दोघेही बरोबर असतात. नुकसान होते ते एकाचा सल्ला दुसऱ्याच्या इंजिनाला लावल्यावर.

थोडक्यात उत्तर असे आहे. गॅस्केट जुन्या पद्धतीचे असेल, म्हणजे दाबलेल्या तंतूंचे किंवा तांब्याच्या पत्र्यात भरलेले, आणि बोल्ट किंवा स्टड साधे असतील, तर पुन्हा आवळणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. ते राहून गेले तर नवे गॅस्केट एक हंगामही काढत नाही. याउलट गॅस्केट अनेक पोलादी पत्र्यांचे असेल आणि बोल्ट आधी टॉर्क देऊन व नंतर ठरावीक अंशांत फिरवून आवळायचे असतील, तर त्यांना पुन्हा पाना लावू नये. लावला तर बोल्ट ताणून तुटण्याची भीती असते. तुमचे इंजिन कोणत्या गटातले आहे हे हेड बसवण्याआधी माहीत हवे, नंतर नव्हे.

हा नियम आला कुठून

परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांत एके काळी टॅक्सी दुरुस्तीची गॅरेजे गल्लोगल्ली होती आणि तिथले बरेचसे काम एकाच गाडीचे असे, प्रीमियर पद्मिनीचे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुळातली फियाट ११००. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचे आणि दोन्हींच्या मध्ये जुन्या पद्धतीचे गॅस्केट. उन्हाळ्यात गर्दीत अडकून इंजिन तापले की गॅस्केट जायचे. ते बदलून झाले की गाडी थोडी चालवायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, हेड पुन्हा आवळायचे आणि मग टॅपेट लावायचे, हा तिथला पाठ होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ अखेर, ही गाडी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

त्या गॅरेजांत हाताला काळे लावून शिकलेले अनेक मिस्त्री कोकणातले आणि घाटावरचे. त्यांतले काही पुढे गावी परतले, दुकाने टाकली आणि हा पाठही सोबत आणला. गावात तो चाललाही, कारण गावातली इंजिने त्याच बांधणीची होती. साताऱ्याच्या कूपरची जुनी इंजिने, १९४६ साली पुण्याजवळ खडकीला सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची पाण्याची इंजिने, राजकोटहून येणारी मंद गतीची लिस्टर पद्धतीची इंजिने, आणि नंतरचे बहुतेक जुने ट्रॅक्टर. या सगळ्यांत साधे स्टड किंवा बोल्ट आणि दबणारे गॅस्केट. त्यामुळे "परत आवळायचंच" हा नियम चाळीस-पन्नास वर्षे खरा ठरला.

तो आता सगळ्या इंजिनांना लागू पडत नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषण मानक लागू झाले आणि त्या गटात कॉमन रेल पद्धतीची, वेगळ्या बांधणीची इंजिने आली. अशा इंजिनावर जुना पाठ गिरवण्याआधी थांबून पुस्तक उघडावे.

आवळलेला बोल्ट ढिला का होतो

बोल्ट फिरून मागे येत नाही. गॅस्केट खाली बसते. हा फरक लक्षात आला की पुढचे सगळे सोपे होते.

हेडचा बोल्ट आवळताना तो प्रत्यक्षात ताणला जातो, रबरासारखा, फक्त फारच थोडा. बोल्टचा मोकळा भाग १०० मिलिमीटर लांब असेल तर पूर्ण आवळल्यावर तो साधारण ०.३ मिलिमीटर लांबतो. हेच ताणलेपण हेडला ब्लॉकवर दाबून धरते. आता इंजिन चालू झाले, तापले, थंड झाले, पुन्हा तापले. गॅस्केटमधले तंतू आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट थर या दाबाखाली आणखी दबतो. समजा तो ०.०५ मिलिमीटर दबला. केसाच्या जाडीपेक्षाही हे कमी आहे. पण बोल्टचे एकूण ताणलेपणच ०.३ मिलिमीटर होते, त्यातला सहावा हिस्सा गेला. पाना लावून पाहिला तर बोल्ट घट्टच वाटेल, तरी हेडवरचा दाब बराच कमी झालेला असेल. बोल्ट जितका आखूड, तितके हे नुकसान मोठे.

दाब कमी झाल्यावर काय होते ते बहुतेकांनी पाहिले आहे. ज्वलनाचा वायू गॅस्केटच्या कडेतून वाट काढतो, कडा जळते, मग दोन सिलिंडरच्या मधली अरुंद पट्टी जाते किंवा वायू पाण्यात शिरतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे, पाणी बाहेर फेकले जाणे, पांढरा धूर, ऑइल दुधाळ होणे, ही लक्षणे पुढची.

पोलादी गॅस्केटची गोष्ट निराळी. त्यात स्प्रिंगच्या पोलादाचे तीन-चार पातळ पत्रे एकावर एक असतात, त्यांवर उभारलेल्या कडा असतात आणि वर रबराचा पातळ मुलामा. यात दबून बसण्यासारखा मऊ गाभाच नाही. उभारलेल्या कडा स्प्रिंगसारख्या उलट दाब देत राहतात. त्यामुळे पुन्हा आवळण्याची गरज उरत नाही.

तुमच्याकडे कोणते आहे ते कसे ओळखावे

सर्वांत खात्रीची जागा म्हणजे कंपनीचे दुरुस्ती पुस्तक. मालकाला मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकेत हे बऱ्याचदा नसते, म्हणून डीलरच्या वर्कशॉपमध्ये विचारावे. पहिल्या सर्व्हिसच्या कामांच्या यादीत "हेड बोल्ट टॉर्क तपासणे" असे लिहिले असेल, तर तुमचे इंजिन जुन्या गटातले मानायला हरकत नाही.

दुसरी जागा गॅस्केटचे पाकीट. चांगल्या कंपनीचे गॅस्केट घेतले तर आत सूचनेचा कागद असतो किंवा पाकिटावर छापलेले असते की पुन्हा आवळावे की आवळू नये. इथे एक गोम आहे. काही तंतुमय गॅस्केटही आता अशी येतात की ती पुन्हा आवळावी लागत नाहीत. म्हणून नुसते पाहून "हे जुन्या पद्धतीचे दिसते" असे ठरवू नका, कागद वाचा. इंजिनाचे पुस्तक एक सांगत असेल आणि गॅस्केटचा कागद दुसरे, तर गॅस्केट मूळ कंपनीचे नाही हे त्याचे कारण असू शकते. अशा वेळी गॅस्केट बनवणाऱ्याची सूचना पाळावी, कारण दबणार आहे ते त्याचे गॅस्केट. मात्र बोल्ट अंशांत फिरवून आवळायचे असतील तर त्यांना कोणत्याही परिस्थितीत पुन्हा आवळू नये.

पाकीट फेकून दिले असेल तर गॅस्केटची कड पाहा. कडेला कापडासारखा किंवा काळपट पुठ्ठ्यासारखा थर दिसला आणि छिद्रांभोवती पत्र्याची दुमड असेल तर ते तंतुमय. दोन तांब्याच्या पत्र्यांमध्ये करडा थर दिसला तर जुने तांब्याचे. कडेला केवळ पातळ पत्रे रचलेले दिसले, रिव्हेटने जोडलेले, तर ते पोलादी.

जुने गॅस्केट काढताना एक काळजी घ्या. जुन्या काळच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडून हवेच्या नळीने उडवणे ही आपल्याकडची सर्रास सवय आहे आणि ती फुप्फुसाला घातक आहे. आधी पाण्याने भिजवा, मग खरवडा, आणि चिंधी पिशवीत बांधून टाका.

पुन्हा आवळायचे ठरले तर

केव्हा, हे पुस्तक सांगते. काही इंजिनांत पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर, काहींत ठरावीक तास चालल्यावर, काहींत दोन्ही वेळा. पुस्तक हाताशीच नसेल आणि इंजिन जुन्या गटातले आहे याची खात्री असेल, तर निदान पहिल्यांदा तापून थंड झाल्यावरची फेरी चुकवू नका, कारण गॅस्केटचा बराचसा दबाव पहिल्याच तापण्यात होतो. त्या पहिल्या चालण्यात भार टाकू नका. इंजिन कामाच्या तापमानाला येऊ द्या, पाण्याची पातळी पाहत राहा, मग बंद करा.

गरम असताना आवळावे की थंड झाल्यावर, यावर कट्ट्यावर पुष्कळ वाद होतात. वाद घालण्याची गरज नाही, उत्तर हेडच्या धातूवर आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ८० मिलिमीटर जाडीचे ॲल्युमिनियमचे हेड ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले की सुमारे ०.११ मिलिमीटर फुगते. तेवढ्याच लांबीचा पोलादी बोल्ट फक्त ०.०६ च्या आसपास वाढतो. म्हणजे गरम असताना बोल्ट आधीच जास्त ताणलेला असतो. त्या अवस्थेत टॉर्क रेंच "झाले" म्हणून टकटक करतो, आणि इंजिन थंड झाल्यावर ताण अपुरा उरतो. म्हणून ॲल्युमिनियमचे हेड पूर्ण थंड झाल्यावरच आवळावे, रात्रभर ठेवले तर उत्तम. पद्मिनीच्या मिस्त्र्यांची सवय इथे अगदी बरोबर होती. हवेने थंड होणाऱ्या बऱ्याच छोट्या डिझेल इंजिनांची हेडेही ॲल्युमिनियमची असतात, त्यांनाही हेच लागू. ओतीव लोखंडाचे हेड आणि पोलादी बोल्ट जवळपास सारखेच प्रसरण पावतात, म्हणून अशा इंजिनांची काही पुस्तके गरम असताना आवळायला सांगतात. पुस्तकात गरम लिहिले असेल तर गरम, काहीच लिहिले नसेल तर थंड.

आता प्रत्यक्ष आवळणे. सगळे बोल्ट एकदम ढिले करायचे नाहीत. हे सांगावे लागते कारण असे करणारे आहेत, आणि तसे केले की गॅस्केट उचलले जाते व काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मूळ आवळण्याचाच क्रम धरायचा, मधल्या बोल्टपासून सुरुवात करून आळीपाळीने बाहेरच्या टोकांकडे. एका वेळी एकच बोल्ट हातात घ्यायचा.

त्या एका बोल्टवर सरळ टॉर्क रेंच लावून टकटक ऐकली की काम झाले, असे मानू नका. बरेच तास एका जागी बसलेला बोल्ट हलायला लागण्यासाठी जास्त जोर मागतो. रेंच ठरलेल्या आकड्याला वाजतो, पण बोल्ट जागचा हललेलाच नसतो. यावर जुना उपाय असा की बोल्ट अष्टमांश ते पाव फेरा ढिला करायचा आणि लगेच एकाच संथ, न थांबलेल्या ओढीत ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळायचा. मग पुढचा बोल्ट. पुस्तकात "ढिला न करता आवळा" असे लिहिले असेल तर मात्र तसेच करा. आवळण्याआधी बोल्टच्या डोक्यावर आणि हेडवर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवली तर बोल्ट किती पुढे गेला ते दिसते. सगळे बोल्ट थोडे थोडे पुढे गेलेले दिसले तर गॅस्केट बसले. एखादाच बोल्ट खूप पुढे गेला, तर त्याचे आटे किंवा तो स्टड संशयास्पद आहे.

आणि आकडा तोच, पहिल्या वेळचा. "दुसऱ्यांदा थोडं जास्त" ही म्हण हेडच्या बाबतीत महागात पडते.

त्यानंतर टॅपेट लावल्याशिवाय इंजिन चालू करू नका

हे पाऊल सर्वांत जास्त विसरले जाते. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि पुशरॉड असलेल्या इंजिनात, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक शेती इंजिनांत, हेड खाली बसले की रॉकरही हेडसोबत खाली येतो. पुशरॉडची लांबी तर तेवढीच राहते. परिणामी टॅपेटमधली फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्यातून ज्वाला निसटते आणि काही आठवड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. मग दोष गॅस्केटवर किंवा डिझेलवर टाकला जातो. हेड पुन्हा आवळले की फिलर गेज घेऊन सगळे टॅपेट पुन्हा तपासायचे, यात सवलत नाही.

नव्या बांधणीच्या बोल्टना हात का लावायचा नाही

या बोल्टांच्या सूचनेत आधी एक टॉर्क असतो आणि पुढे अंश असतात, उदाहरणार्थ ९० अंश आणि पुन्हा ९० अंश. या पद्धतीमागे एक कारण आहे. पाना ओढताना तुम्ही जो जोर लावता त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी चाळीस टक्के आट्यांत जातो, आणि बोल्ट ताणायला जेमतेम दहा टक्के उरतो. आटे कोरडे, गंजलेले किंवा ऑइलने भिजलेले असले की हे प्रमाण बदलते आणि त्याच टॉर्कवर वेगवेगळा ताण येतो. अंशांत फिरवले की घर्षणाचा हा घोळ बराचसा टळतो, कारण फिरण्यावरून ताणणे थेट ठरते.

यातले बरेच बोल्ट मुद्दाम त्यांच्या लवचिकतेच्या मर्यादेपलीकडे ताणलेले असतात. तिथे ताण जवळपास स्थिर राहतो. अशा बोल्टला आठवड्याने आणखी फिरवले तर दाब वाढत नाही, बोल्ट तेवढा आणखी लांबतो, मध्ये बारीक होतो आणि तुटतो. तुटला तर तो बहुधा ब्लॉकच्या आत तुटतो. मग हेड पुन्हा उतरवा, तुटका तुकडा ड्रिल करून काढा, आटे खराब झाले तर इन्सर्ट बसवा. पेरणीच्या तोंडावर किंवा उसाच्या वाहतुकीत ट्रॅक्टर असा आठवडाभर उभा राहिला की शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचे भाडे दुरुस्तीपेक्षा जड होते.

हे बोल्ट एकदा काढले की बहुतेक कंपन्या नवेच लावायला सांगतात. काही कंपन्या लांबीची मर्यादा देतात. तिच्या आत असेल तर पुन्हा वापरता येतो. मर्यादा माहीत नसेल तर नवा संच घ्या. गॅस्केट नवे आणि बोल्ट जुने, ही बचत खोटी आहे.

पाणी झिरपते म्हणून हेड आवळणे

हा वेगळा प्रश्न आहे, पण विचारला जातो सर्वांत जास्त. दोन-तीन वर्षे चाललेल्या इंजिनात हेडच्या कडेने पाणी किंवा ऑइल झिरपू लागले की लांब नळी लावून पान्याने हेड आवळले जाते. झिरपणे चार दिवस थांबते. पण जळलेली किंवा कुजलेली कड आवळून भरून येत नाही. वर जास्त आवळल्याने हेड वाकते आणि पुढचे नवे गॅस्केटही त्या वाकलेल्या हेडवर टिकत नाही. नुकतेच बसवलेले जुन्या पद्धतीचे गॅस्केट, पुन्हा आवळण्याची पहिली फेरी अजून बाकी, आणि थोडी ओल दिसते, एवढ्याच प्रसंगी आवळून पाहणे योग्य. एरवी हेड उतरवायचे.

उतरवण्याआधी कारण शोधा. गॅस्केट बहुधा स्वतःहून जात नाही, ते इंजिन तापल्यामुळे जाते. रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि पाचट, फॅनचा ढिला पट्टा, गंजाने भरलेले पाण्याचे मार्ग, कूलंटऐवजी विहिरीचे क्षारयुक्त पाणी, अडकलेला थर्मोस्टॅट. यातले काही तसेच ठेवून कितीही नेमके आवळले तरी तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा त्याच जागी असाल.

आवळण्याआधीच काम बिघडते ते इथे

हेड आणि ब्लॉकचा पृष्ठभाग सरळ हवा. धारदार सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून फिलर गेज जातो का पाहा. मर्यादा पुस्तकात असते आणि ती मिलिमीटरच्या शतांशांत असते. डोळ्याने पाहून "सरळ आहे" म्हणण्यात अर्थ नाही. वाकले असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या, पण किती घासले ते विचारून लिहून ठेवा. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेडमधली जागा फार थोडी असते आणि गॅस्केटची जाडी तिच्यावर ठरते. म्हणून जुन्यापेक्षा पातळ गॅस्केट "बसतंय ना" म्हणून घालू नका.

ओल्या लायनरच्या इंजिनात लायनरची कड ब्लॉकच्या वर किती येते ते मोजा. एक लायनर खाली गेला असेल तर त्या सिलिंडरभोवती गॅस्केट दाबले जात नाही आणि मग पुन्हा आवळूनही काही उपयोग नाही. गॅस्केट वारंवार एकाच सिलिंडरला जात असेल तर पहिला संशय इथे घ्या.

बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेले असेल तर ते काढा. तळ बंद असलेल्या भोकात द्रव राहिला आणि वरून बोल्ट आला, तर द्रव दबत नाही, ब्लॉक तडकतो. आटे तारेच्या ब्रशने साफ करा. आट्यांना ऑइल लावायचे की नाही हेही पुस्तकावर. टॉर्कचा आकडा त्यावरच ठरवलेला असतो. ऑइल लावायला सांगितलेले नसताना लावले तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. गॅस्केटवर ग्रीस, रंग, वॉर्निश लावण्याची सवय जुन्या तांब्याच्या गॅस्केटपासूनची आहे. आजची गॅस्केट कोरडीच बसवायची, कागदावर वेगळे लिहिले नसेल तर.

आवळताना किमान तीन टप्पे करा. अंतिम आकडा १० किलोग्रॅम-मीटर असेल तर आधी ३, मग ६, मग १०, प्रत्येक टप्पा सगळ्या बोल्टना पूर्ण करून.

टॉर्क रेंच

याशिवाय वरचे सगळे व्यर्थ. हाताच्या अंदाजाने आवळणारे निष्णात मिस्त्री आहेत हे मान्य, पण एका हेडच्या चौदा बोल्टना सारखा ताण त्यांच्याही हाताने येत नाही, आणि गॅस्केटला सारखेपणाच हवा असतो. मुंबईत मस्जिद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट ही हत्यारांची जुनी बाजारपेठ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीही आता टॉर्क रेंच मिळतो. एकट्याने घेणे परवडत नसेल तर गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजार बँकेने एक घ्यावा. घेताना तुमच्या इंजिनाचा आकडा रेंचच्या पल्ल्याच्या मध्यावर येईल असा घ्या, अगदी टोकाला नको.

एकके नीट पाहा. जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर असते, नव्यांत न्यूटन-मीटर, काही परदेशी मुळाच्या ट्रॅक्टरांच्या पुस्तकांत फूट-पाउंड. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, आणि १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. ८० फूट-पाउंडचा आकडा ८० न्यूटन-मीटर समजून आवळला तर हेडवर जेमतेम तीन चतुर्थांश दाब येतो आणि गॅस्केट पहिल्या नांगरटीतच जाते. काम झाले की टकटक वाजणारा रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग मार खाते. बोल्ट ढिले करायला तो वापरू नका.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी फोनवर "हेड परत आवळू का?" असे विचारतो तेव्हा हो किंवा नाही म्हणण्याआधी चार गोष्टी विचारा : इंजिन कोणते आणि कोणत्या वर्षाचे, हेड लोखंडाचे की ॲल्युमिनियमचे, गॅस्केटच्या पाकिटावर काय लिहिले आहे, आणि बोल्ट बसवताना मिस्त्रीने अंशांत फिरवले का. पाकिटाचा आणि सूचनेच्या कागदाचा फोटो मागवा. तो नसेल आणि इंजिन नवे असेल तर "आवळू नका, डीलरला विचारा" हा सल्ला सुरक्षित आहे. न आवळलेले हेड तपासून नंतर आवळता येते, तुटलेल्या बोल्टचे तसे नाही.

मिस्त्री जाण्यापूर्वी अवर मीटरचा आकडा, तारीख, टॉर्क, आणि पुन्हा आवळायचे असल्यास किती तासांनी, हे व्हॉल्व्ह कव्हरवर पांढऱ्या रंगाने लिहून घ्यावे. ज्या पाण्याच्या इंजिनाला अवर मीटर नसतो, तिथे रोज किती तास पाणी दिले ते मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर खडूने मांडत जावे.